नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पहिल्या ओळीविषयी खुले पत्र

प्रति,
लिनक्स कर्नलसाठी ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणारे अभियंते
आणि त्यांच्या कंपन्यांचे विधी विभाग

सप्रेम नमस्कार,

लिनक्स कर्नलमधील, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील, सोर्स फाइलच्या पहिल्या ओळीत त्या फाइलचा परवाना लिहिलेला असतो. नवी फाइल सुरू करताना ही ओळ बहुधा शेजारच्या फाइलमधून उचलली जाते आणि त्यानंतर तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. जीपीएल हा परवाना कोड बदलून वाटणाऱ्याला तो त्याच परवान्याखाली खुला ठेवायला लावतो; एमआयटी परवान्याखालील कोड जवळजवळ बिनअट कुठेही वापरता येतो. तिथे नुसते ‘जीपीएल २’ लिहायचे की ‘जीपीएल २ किंवा एमआयटी’ असे लिहायचे, या निवडीवर ओपनबीएसडी, नेटबीएसडी, फ्रीबीएसडी, ड्रॅगनफ्लाय यांसारख्या इतर मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांना त्या चिपचा पूर्ण उपयोग करता येईल की नाही, हे पुढची पंधरा-वीस वर्षे ठरून जाते. ती निवड सर्वस्वी आपल्या हातात असते. ड्रायव्हर सुरू होतो त्या दिवशी तिला काहीही खर्च येत नाही, आणि पन्नास जणांनी त्यात भर घातल्यानंतर ती बदलणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून माझी विनंती अशी आहे, की ग्राफिक्स ड्रायव्हरची प्रत्येक नवी फाइल आपण दुहेरी परवान्याखाली सुरू करावी.

हे पत्र मराठीत लिहिण्यालाही कारण आहे. एनव्हिडियाचे मोठे कार्यालय पुण्यात आहे; एएमडी, इंटेल, आर्म आणि क्वालकॉम यांची विकास केंद्रे बंगळूर आणि हैदराबाद येथे आहेत, आणि तिथे काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांची संख्या लहान नाही. ड्रायव्हरविषयीच्या चर्चा इंग्रजीत होतात आणि त्या तशाच होत राहतील; परंतु ज्या निर्णयाबद्दल मी लिहीत आहे तो चर्चेच्या आधी, आपल्या टेबलावर होतो, आणि तिथे आपल्याशी आपल्या भाषेत बोलता यावे असे मला वाटते.

ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग असतात, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहिते. ओपनजीएल आणि व्हल्कन या चित्रे काढण्याच्या प्रमाणित इंटरफेसांच्या आज्ञा चिपच्या भाषेत उतरवणारा भाग कर्नलच्या बाहेर चालतो, आणि मुक्त जगात तो मुख्यतः मेसा या प्रकल्पात आहे. मेसाचा बहुतांश कोड एमआयटी परवान्याखाली आहे आणि तो लिनक्सवर चालतो तसाच बीएसडी कुळातील प्रणालींवरही चालतो. दुसरा भाग कर्नलच्या आत असतो: चिपला वीज देणे, तिची मेमरी वाटून देणे, कामे रांगेत लावणे, पडद्याचे रिझोल्यूशन ठरवणे, चिप अडकली तर तिला पुन्हा सुरू करणे. लिनक्समध्ये या भागाला डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, म्हणजे डीआरएम म्हणतात. मेसा या डीआरएमशी ठरलेल्या पद्धतीने बोलते. त्यामुळे दुसऱ्या प्रणालीत तसाच डीआरएम नसेल, तर मेसा तिथे नेऊनही हार्डवेअरचा वेग मिळत नाही.

हा कर्नलमधील भाग कोणी कोऱ्या कागदावरून पुन्हा लिहावा, ही अपेक्षा आज व्यवहार्य राहिलेली नाही. एकट्या एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये काही दशलक्ष ओळी आहेत. त्यातील मोठा वाटा यंत्राने तयार केलेल्या रजिस्टरांच्या, म्हणजे चिपला आज्ञा देण्यासाठी तिच्यात असलेल्या जागांच्या, याद्यांचा असला, तरी उरलेला भागही एखाद्या लहान प्रकल्पाच्या संपूर्ण कर्नलएवढा भरतो. इंटेल आपल्या चिपची तपशीलवार माहितीपुस्तके प्रसिद्ध करते, हे खरे आहे आणि स्तुत्य आहे. पण कोणत्या चिपमधील कोणता दोष कोणत्या क्रमाने टाळायचा, हे शेवटी ड्रायव्हरच्या कोडमध्येच सापडते. बऱ्याच आधुनिक चिपच्या बाबतीत तो कोड हाच एकमेव उपलब्ध दस्तऐवज आहे. तो वाचता येणे आणि वापरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये परवाना उभा असतो.

एकेकाळी हा कोड खरोखरच सामाईक होता. डीआरएमची सुरुवात १९९९ च्या सुमारास, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स या प्रणालीच्या एक्सफ्री८६ ४.० या आवृत्तीच्या तयारीतून झाली. एक्सचा परवाना एमआयटी प्रकारचा असल्यामुळे डीआरएमलाही तोच मिळाला, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी त्यामुळे शक्य झाल्या. काही वर्षे डीआरएमची एक स्वतंत्र रेपॉझिटरी, म्हणजे कोडचे भांडार, होती. तिच्यात दोन्हीकडे चालणारा कोड एका डिरेक्टरीत, लिनक्सपुरता दुसऱ्या आणि बीएसडीपुरता तिसऱ्या डिरेक्टरीत असे. नंतर २००८ च्या अखेरीस लिनक्स २.६.२८ मध्ये जेम हे मेमरी व्यवस्थापन आले, मार्च २००९ मध्ये २.६.२९ सोबत पडद्याचे नियंत्रण कर्नलकडे आले, आणि दोन्ही गोष्टी लिनक्सच्या मेमरी व्यवस्थेशी इतक्या घट्ट बांधलेल्या होत्या, की ती सामाईक रेपॉझिटरी मागे पडून सगळे काम लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये होऊ लागले.

तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. दोन-तीन कर्नलसाठी एकच फाइल लिहायची म्हटले की तिच्यात अटींचे जंजाळ माजते, कोणालाच ती नीट वाचता येत नाही आणि सर्वात वेगाने पुढे जाणाऱ्याचा पाय अडकतो. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही नोंदवले पाहिजे. इंटेलच्या एक्स ड्रायव्हरने जुनी पद्धत सोडून दिली आणि बीएसडीचे वापरकर्ते जुन्या आवृत्तीवर अडकले. फ्रीबीएसडीमध्ये इंटेलसाठी नवी व्यवस्था कॉन्स्टँटिन बेलोउसोव यांनी फ्रीबीएसडी फाउंडेशनच्या साहाय्याने आणली आणि ती डिसेंबर २०१२ च्या ९.१ आवृत्तीत वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. ओपनबीएसडीमध्ये ती नोव्हेंबर २०१३ च्या ५.४ मध्ये आली. या मधल्या चार वर्षांत जो नवा लॅपटॉप बाजारात आला, त्यावर या प्रणाली चालवणाऱ्याला पडद्यावर धड चित्रही मिळण्याची शाश्वती नव्हती.

त्यानंतर प्रत्येक प्रकल्पाने आपापली वाट शोधली, आणि त्या वाटा पाहिल्या की आपल्या कोडचे पुढे काय होते, याची नेमकी कल्पना येते. फ्रीबीएसडीने लिनक्सच्या अंतर्गत फंक्शनांची नक्कल करणारा लिनक्सकेपीआय नावाचा थर वापरला. तो मुळात इन्फिनीबँड या वेगवान नेटवर्कच्या ड्रायव्हरांसाठी तयार झाला होता आणि एमआयटीसारख्याच मोकळ्या बीएसडी परवान्याखाली नव्याने लिहिलेला आहे. या थरावर डीआरएमचे ड्रायव्हर बसवून ते मूळ प्रणालीच्या बाहेर, स्वतंत्र पॅकेजच्या रूपात दिले जातात. ओपनबीएसडीने ते थेट आपल्या कर्नलमध्ये घेतले. तिथे दरवर्षी लिनक्सची दीर्घ पाठबळाची एक आवृत्ती आधाराला घेतली जाते: एप्रिल २०२३ च्या ७.३ मध्ये लिनक्स ६.१ चा कोड होता, एप्रिल २०२४ च्या ७.५ मध्ये ६.६ चा, आणि एप्रिल २०२५ च्या ७.७ मध्ये ६.१२ चा. म्हणजे लिनक्सच्या आवृत्तीनंतर साधारण सहा महिन्यांत तोच ड्रायव्हर ओपनबीएसडीच्या लॅपटॉपवर चालू लागतो, आणि हे काम बोटांवर मोजता येतील इतकी माणसे करतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

नेटबीएसडीची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथे टेलर कॅम्पबेल यांनी २०१४ मध्ये लिनक्स ३.१५ चा डीआरएम आणला आणि तो २०१५ च्या ७.० मध्ये प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०२० च्या ९.० मध्ये लिनक्स ४.४ चा कोड होता, जो लिनक्समध्ये २०१६ च्या सुरुवातीचा होता. पुढचे मोठे अद्ययावतीकरण लिनक्स ५.६ पर्यंतचे झाले आणि ते मार्च २०२४ च्या १०.० मधून वापरकर्त्यांच्या हाती आले. लिनक्स ५.६ मार्च २०२० चे. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेच्या चिप त्यानंतरच्या, म्हणून त्या त्यात नाहीत. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरांचेही तेच. इच्छा आणि कौशल्य यांची तिथे कमतरता नाही. हात कमी आहेत आणि प्रत्येक खेपेला उचलायचे ओझे वाढत चालले आहे.

हे ओझे कशाचे असते, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण त्याचा बराच भाग आपल्या लक्षात येत नसावा. चिपची रजिस्टरे सगळीकडे सारखीच असतात. ती फाइल आहे तशी उचलता येते. अडचण सुरू होते ती लिनक्सच्या आतल्या सोयींपाशी. कामे मागे ढकलण्याच्या रांगा, कुलूप न लावता सामाईक माहिती वाचू देणारी आरसीयू ही पद्धत, अनेक कुलुपे एकाच वेळी घेण्याची पद्धत, क्रमांकावरून वस्तू शोधण्याची एक्सअ‍ॅरे ही रचना, मेमरी कमी पडल्यावर ती परत मागण्याची व्यवस्था, यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या कर्नलमध्ये तंतोतंत तसेच वागणारे प्रतिरूप लिहावे लागते. त्या सोयींचा कोड जीपीएल असल्यामुळे तो उचलता येत नाही. डीएमए-बफ (ड्रायव्हरांमध्ये मेमरी वाटून घेण्याची सोय) आणि डीएमए-फेन्स (चिपचे काम संपल्याची खूण) ही दोन उदाहरणे मला विशेष महत्त्वाची वाटतात. आजचा प्रत्येक ग्राफिक्स ड्रायव्हर त्यांच्यावर उभा आहे, पण ती डीआरएमच्या शेजारच्या डिरेक्टरीत, केवळ जीपीएलखाली आहेत. म्हणून तिन्ही बीएसडी प्रकल्पांना त्यांची आपापली आवृत्ती स्वतंत्रपणे लिहावी लागली. एकच वर्तन तीन वेळा लिहिले गेले, आणि त्यात राहिलेले सूक्ष्म फरकही तीन प्रकारचे.

लिनक्सच्या आत स्थिर इंटरफेस नाही आणि तो नसावा, हे धोरण कर्नलच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आतले हवे तसे बदलता येते, म्हणूनच लिनक्स या वेगाने सुधारते. प्रतिरूपाचा थर लिहिणे आणि दर आवृत्तीला तो दुरुस्त करणे हे काम इतर प्रणालींचे आहे, आणि त्या ते करत आल्या आहेत. परवाना मात्र त्यांना दुरुस्त करता येत नाही.

इथे एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. इंटेलचा आय९१५ आणि त्याच्या पुढचा एक्सई, एएमडीचे रेडिऑन आणि एएमडीजीपीयू, तसेच एनव्हिडियाच्या चिपसाठीचा सामुदायिक नूवो, हे ड्रायव्हर मुख्यतः एमआयटी परवान्याखाली आहेत. म्हणूनच वैयक्तिक संगणकावर बीएसडी वापरणाऱ्याला आज पडदा मिळतो. आर्म चिपच्या जगात परिस्थिती उलटी आहे. क्वालकॉमच्या अ‍ॅड्रिनोसाठीचा एमएसएम, रास्पबेरी पायचा व्हीसी४, विवान्तेच्या चिपसाठीचा एटनाव्हिव्ह, रॉकचिपच्या पडद्याचा ड्रायव्हर आणि आर्मच्या माली चिपसाठीचा पॅनफ्रॉस्ट हे सगळे केवळ जीपीएलखाली लिहिले गेले. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी आपल्या कर्नलमध्ये जीपीएल कोड घेत नाहीत, हे त्यांचे जुने आणि उघड धोरण आहे. फ्रीबीएसडीला ड्रायव्हर मूळ प्रणालीबाहेर ठेवल्यामुळे थोडी मोकळीक आहे, पण तिथेही जीपीएल भाग वेगळा ठेवून हळूहळू कमी करण्याकडेच कल राहिला आहे. रॉकचिपच्या पडद्यासाठी नेटबीएसडीने आपला स्वतंत्र ड्रायव्हर लिहिला आणि पुढे ओपनबीएसडीने तो घेतला. ज्या चिपचा चालता, तपासलेला, मुक्त ड्रायव्हर जगात उपलब्ध होता, तिच्यासाठी स्वयंसेवकांना पुन्हा पहिल्यापासून बसावे लागले.

या ड्रायव्हरांच्या लेखकांनी बीएसडीला वगळण्यासाठी जीपीएल निवडला असे मला मुळीच वाटत नाही. कर्नलचा परवाना जीपीएल आहे, शेजारची फाइल जीपीएल आहे, म्हणून नवी फाइलही जीपीएल, इतकेच ते असावे. त्या वेळी कोणी विचारले असते तर बहुतेकांनी हो म्हटले असते, आणि पुढे जे घडले त्यावरून हा अंदाज पक्का होतो.

ती पुढची घटना पॅन्थरची. मालीच्या नव्या चिप वेगळ्या पद्धतीने काम घेतात, म्हणून त्यांच्यासाठी पॅन्थर हा नवा ड्रायव्हर लिहिला गेला आणि तो २०२४ मध्ये लिनक्स ६.१० सोबत आला. त्याच्या लेखकांनी तो सुरुवातीपासून जीपीएल किंवा एमआयटी अशा दुहेरी परवान्याखाली ठेवायचे ठरवले. परंतु त्यातील काही भाग पॅनफ्रॉस्टमधून आलेला होता आणि पॅनफ्रॉस्ट जीपीएल होता. म्हणून त्या भागांवर ज्यांचा कॉपीराइट होता त्यांची संमती घ्यावी लागली, आणि आर्म, लिनारो आणि कोलाबोरा या तिन्ही संस्थांच्या वतीने ती जाहीरपणे, पॅचच्या, म्हणजे कोडमधील बदलांच्या, नोंदींमध्ये दिली गेली. हे झाले, याचा मला फार आनंद आहे. मात्र ते का होऊ शकले, हेही पाहिले पाहिजे: कोड मोजक्या फाइलींपुरता होता, हक्क मोजक्या संस्थांकडे होते, आणि त्या संस्थांतील माणसे अजून तिथेच होती. एमएसएमसारख्या दहा-बारा वर्षे वाढलेल्या, शेकडो लोकांचे पॅच पचवलेल्या ड्रायव्हरसाठी हेच करायचे म्हटले तर निम्म्या लोकांचे ईमेल पत्तेही चालू नसतील. भिंत बांधतानाच नळाची वाट ठेवली तर गवंड्याला अर्धा तास जास्त लागतो. नंतर ती काढायची तर भिंत फोडावी लागते.

यावर जीपीएलच्या बाजूने जे म्हटले जाते, ते मी हलके मानत नाही. कंपन्यांनी घेतलेला कोड परत द्यावा लागतो, या अटीमुळेच लिनक्समध्ये कित्येक ड्रायव्हर आले आहेत आणि त्या अटीचा उपकार मी मानते. पण ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बाबतीत पहिला प्रश्न असा येतो, की चिप बनवणारी कंपनी स्वतःच्याच चिपचा कोड लिहीत असेल, तर तिला त्या कोडची बंद आवृत्ती करण्यापासून जीपीएल अडवतच नाही. कॉपीराइट तिचाच असतो. आणि दुसऱ्या कंपनीला दुसऱ्याच्या चिपची रजिस्टरे कशी भरायची याचा कोड बंद करून मिळणार काय? आय९१५ आणि एएमडीजीपीयू इतकी वर्षे एमआयटीखाली असूनही त्यांचा विकास उघड्यावरच होतो, कारण दर काही आठवड्यांनी बदलणाऱ्या मुख्य प्रवाहापासून बाजूला पडणे कोणालाही परवडत नाही. माझ्या मते इथे मुक्ततेचे रक्षण परवान्यापेक्षा वेग अधिक करतो. शिवाय दुहेरी परवान्यात जीपीएल जातो कुठे? लिनक्ससाठी तो कोड जीपीएलच राहतो.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि त्याला इतिहास आहे. एएमडीने फेब्रुवारी २०१६ मध्ये पडद्याच्या नियंत्रणासाठी जवळपास एक लाख ओळींचा नवा कोड मांडला. तो वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी सामाईक असावा म्हणून त्याच्याभोवती एक अमूर्त थर घातलेला होता. डीआरएमचे मेंटेनर, म्हणजे त्यात काय घ्यायचे ते ठरवून तो सांभाळणारे, डेव्ह एअर्ली यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये असा थर लिनक्समध्ये घेणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यावर बरीच खळबळ झाली, एएमडीच्या अभियंत्यांनी कोडची मोठी फेररचना केली आणि तो लिनक्स ४.१५ मध्ये सामील झाला. कोड वाटून घेण्याचा विषय निघाला की हा प्रसंग आठवून आपल्यातील अनेक जण सावध होतात, हे मला ठाऊक आहे. एअर्ली यांचे त्या वेळचे म्हणणे मला पटते. ज्या कोडचा लेखक लिनक्सच्या पद्धतीने विचारच करत नाही, तो कोड लिनक्सच्या मेंटेनरने किती काळ सांभाळायचा? माझी विनंती तशा थराची नाही. आपण लिनक्ससाठी, लिनक्सच्या पद्धतीने, लिनक्सच्या सोयी वापरूनच लिहावे. त्या सोयींची नक्कल करण्याचे काम दुसऱ्या बाजूचे.

एक लहानशी सवय मात्र दोन्ही बाजूंच्या उपयोगाची आहे. चिपविषयीचे शुद्ध ज्ञान, म्हणजे रजिस्टरे, पेज टेबलची मांडणी, फर्मवेअरशी (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरशी) होणाऱ्या संदेशांचे स्वरूप, घड्याळांची आणि बँडविड्थची गणिते, हे सगळे कर्नलच्या जमाखर्चापासून वेगळ्या फाइलमध्ये असले, तर ती फाइल लिनक्समध्येही एकट्याने तपासता येते. एएमडीच्या पडद्याच्या कोडमध्ये बँडविड्थची गणिते अपूर्णांकांत, फ्लोटिंग पॉइंटने केली जातात, आणि कर्नलमध्ये ते करण्याआधी प्रोसेसरची स्थिती जपून ठेवावी लागते. ही गणिते वेगळ्या फाइलींमध्ये आणि ठराविक दोन खुणांच्या मध्ये बांधलेली असल्यामुळे बीएसडीला तिथे आपली पद्धत बसवता येते.

आता या पत्राच्या निकडीविषयी. ग्राफिक्सचे नवे ड्रायव्हर रस्ट भाषेत लिहिण्याकडे कल वाढत आहे. एनव्हिडियाच्या चिपसाठीचा नोव्हा २०२५ मध्ये लिनक्स ६.१५ पासून टप्प्याटप्प्याने कर्नलमध्ये येऊ लागला, आणि मालीसाठीचा टीर ६.१८ मध्ये आला. मेमरीच्या चुका भाषेनेच अडवाव्यात हा उद्देश मला मान्य आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर हा कर्नलमधील सर्वात मोठ्या आणि सर्वात उघड्या दारांपैकी एक आहे. तिथे ही सुरक्षा हवीच. पण इतर प्रणालींच्या दृष्टीने यात दोन नव्या अडचणी आहेत. त्यांच्या कर्नलमध्ये रस्ट नाही, म्हणून सी भाषेतील हेडर फाइलींच्या जोरावर उभा राहिलेला प्रतिरूपाचा थर इथे जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. आणि रस्टच्या ड्रायव्हरला लिनक्सच्या सोयी पुरवणारा कोड जीपीएल आहे, त्यामुळे त्याच्या शेजारी जन्मणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप जीपीएल होण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त आहे.

टीरच्या लेखकांनी आपल्या फाइलींवर जीपीएल किंवा एमआयटी असे लिहिले आहे. नोव्हाच्या फाइलींवर केवळ जीपीएल आहे. हा फरक मला अस्वस्थ करतो, कारण ज्या नूवोची जागा नोव्हा घेणार तो एमआयटीखाली होता, आणि खुद्द एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले कर्नल मॉड्यूलही एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली आहेत. म्हणजे जुना सामुदायिक ड्रायव्हर सगळ्यांना खुला, कंपनीचा स्वतःचा कोड सगळ्यांना खुला, आणि या दोन्हींच्या अनुभवावर उभा राहणारा नवा ड्रायव्हर मात्र एकाच प्रणालीपुरता. नोव्हावर काम करणाऱ्यांत रेड हॅटचे आणि एनव्हिडियाचे अभियंते आहेत. फर्मवेअरच्या संदेशांचे वर्णन आणि रजिस्टरांची व्याख्या असलेल्या निदान तेवढ्या फाइलींना एमआयटीचा पर्याय द्यावा, अशी त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. नोव्हाचे वय अजून लहान आहे. लेखक थोडे आहेत, संस्था थोड्या आहेत, आणि पॅन्थरच्या वेळी जशी संमती मिळाली तशी इथेही मिळू शकते. दोन-तीन वर्षांनी हे सांगता येणार नाही.

फर्मवेअरच्या बाबतीत मात्र आभारच मानायचे आहेत. एएमडी आणि इंटेल यांच्या फर्मवेअर फाइली पुढे वाटण्याची परवानगी असल्यामुळे ओपनबीएसडी आणि फ्रीबीएसडी त्या आपापल्या साधनांनी वापरकर्त्यापर्यंत पोहोचवतात.

इतर प्रणालींकडून लिनक्सला काय मिळते, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर ग्राफिक्सच्या पलीकडे आहे. आपण ज्या ओपनएसएसएचने सर्व्हरवर जाता, कोड पाठवता आणि परीक्षणासाठी दूरच्या यंत्रावर शिरता, ती १९९९ पासून ओपनबीएसडी प्रकल्पात घडते आहे. ते काम करणाऱ्यांपैकी कित्येक जण ओपनबीएसडीच्याच लॅपटॉपवर बसतात, आणि त्यांच्या समोरचा पडदा आय९१५ आणि एएमडीजीपीयू यांच्या कोडमुळे उजळतो. स्वतःची प्रणाली रोज स्वतः वापरणे हे त्या प्रकल्पाच्या शिस्तीचे मूळ आहे. उद्याचे लॅपटॉप आर्म चिपचे असतील आणि त्यांचे ग्राफिक्स ड्रायव्हर केवळ जीपीएल असतील, तर हे मुळावरच येईल. ग्राफिक्सपुरतेही बोलायचे तर, एकच ड्रायव्हर दुसऱ्या कर्नलच्या कुलूप-तपासणीखाली आणि दुसऱ्या मेमरी व्यवस्थेवर चालला की त्यातील काही चुका वेगळ्या रीतीने समोर येतात, आणि ओपनबीएसडीच्या विकासकांनी अशा दुरुस्त्या लिनक्सकडे पाठवलेल्या आहेत. असा पॅच आला तर पाठवणाऱ्याच्या यंत्रावर लिनक्स नाही म्हणून तो बाजूला पडू देऊ नये, एवढे आपण पाहावे.

विधी विभागांसाठी थोडे वेगळे लिहिते. अभियंता जेव्हा नवा ड्रायव्हर प्रसिद्ध करण्याची परवानगी मागतो, तेव्हा मंजुरीच्या कागदावर बहुधा ‘कर्नलच्या परवान्यानुसार’ असे शब्द असतात आणि त्यांचा अर्थ केवळ जीपीएल असा घेतला जातो. त्याच कागदावर ‘जीपीएल २ किंवा एमआयटी’ असे आधीच मंजूर असेल, तर अभियंत्याला दुसऱ्यांदा आपल्याकडे यावे लागत नाही, आणि खेटे घालायला नको म्हणून तो प्रश्न सोडूनही देत नाही. आपल्याच उद्योगातील मोठ्या कंपन्यांनी ग्राफिक्सच्या कोडसाठी हे वर्षानुवर्षे केलेले आहे. आपण काही नवी जोखीम पत्करत नाही. ज्या फाइलीत दुसऱ्याचा केवळ जीपीएल कोड आलेला आहे, तिथे अर्थातच हे चालणार नाही, आणि अशी फाइल सुरुवातीलाच वेगळी ओळखून ठेवणे आपल्याही हिताचे आहे.

आपल्यापैकी कोणाचा ड्रायव्हर अजून लहान असेल आणि त्याला एमआयटीचा पर्याय द्यावा असे वाटत असेल, तर कोणत्या फाइलीत कोणाच्या किती ओळी आहेत, त्या मूळ कुठून आल्या आणि कोणाकोणाची संमती लागेल, याची यादी गिटच्या, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या, इतिहासातून काढून देण्याचे काम करायला मी तयार आहे. ते कंटाळवाणे काम आहे आणि आपल्या रोजच्या कामातून त्यासाठी वेळ निघणार नाही, याची मला जाणीव आहे. ड्रायव्हरचे नाव कळवले तरी पुरे. पहिली यादी मी त्यातील रजिस्टरांच्या आणि फर्मवेअर-संदेशांच्या फाइलींपासून सुरू करेन.

कळावे,
आपली नम्र,
बीएसडी प्रणाली वापरणारी एक मराठी प्रोग्रामर